पडद्यामागची खाट

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सासूबाई मुलीकडून तीन आठवड्यांनी घरी परतल्या. चपला काढल्या, ओलं फडकं घेतलं आणि पॅसेजमधला पडदा बाजूला केला. पडद्यामागे खाट नव्हती.

"अगं, खाट कुठंय?"

सून स्वयंपाकघरात चहा गाळत होती. गाळणं हातात धरूनच ती बाहेर आली.

"दिली, आई. दोन आठवडे झाले."

"दिली म्हणजे?"

"वापरात नव्हती ना. सहा महिने उलटून गेले होते."

सासूबाई फडकं पिळत राहिल्या. त्यातलं पाणी केव्हाच निथळलं होतं. "तो येतोय," त्या म्हणाल्या. "आज, पाचच्या बसने. काल फोनवर मी त्याला सांगून बसलेय, तुझी खाट आहे तशी आहे."

तो म्हणजे धाकटा मुलगा, जहाजावरचा स्वयंपाकी. वडील गेले तेव्हा त्याचं जहाज भर समुद्रात होतं. पोचायला त्याला नऊ दिवस लागले. थोरल्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, दारातच विचारलं, "आता काय राहिलंय इथं?" धाकटा एक रात्र घडीच्या खाटेवर झोपला, सकाळी तिची घडी घालून कडी लावली आणि निघून गेला. त्याला तीन वर्षं झाली. फोन यायचा तो आईला, तोही लहर आली तर.

खाट घरातून गेली ती सुनेच्या नियमाने. ती ग्रंथालयात काम करते. तिथे दर वर्षी कपाटं तपासतात. तीन वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का पडला नाही, ते बाद होतं. वर्षापूर्वी एका संध्याकाळी गॅसचं पुस्तक शोधण्यात तिचे दोन तास गेले. सापडलं ते तीन बंद पडलेल्या मिक्सरांच्या मागे. त्याच रात्री तिने ग्रंथालयाची शिस्त घरात आणली. वस्तू उघडते तिथे कागदाचा लाल गोल चिकटवायचा. उघडली की तो फाटणार. सहा महिन्यांत फाटला नाही, तर वस्तू बाहेर.

नियम कामाचा होता, हे नवराही नाकारत नसे. माणशी एक ताट राहिल्यापासून बेसिन कधी भरलं नाही. कपाटाचं दार ढोपर न लावता बंद व्हायला लागलं. संध्याकाळी सुनेला खिडकीशी बसायला अर्धा तास मिळायचा आणि त्या अर्ध्या तासात काहीही शोधायचं नसायचं.

पण खाटेच्या बाबतीत नियम फसला. सासूबाई दर गुरुवारी ती चारी बाजूंनी पुसत. पाय, दांड्या, कडीसुद्धा, गोलाला धक्का न लावता. हात लागतोय म्हणजे वापर झाला, असं त्या धरून चालल्या. उघडायची मात्र त्याने, म्हणून त्यांनी कधी उघडली नाही. सहा महिन्यांनंतर गोल नव्यासारखा होता.

"मला विचारायचंस तरी," सासूबाई म्हणाल्या. "एक फोन केला असतास."

"चूक झाली, आई. नव्या घडीच्या खाटा मिळतात. आत्ता आणते."

"नवी आणून त्याला फसवणार? जाताना काय म्हणाला होता ठाऊक आहे का तुला? ही खाट आहे तोवर या घरात मला जागा आहे असं धरून चालेन, म्हणाला. नसली तर समजायचं ते समजेन."

सुनेने हे पहिल्यांदाच ऐकलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. सुट्टीच्या दिवशीही खिशात स्क्रू ड्रायव्हर असायचा. आत्ता तो स्टुलावर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

"तो हे म्हणाला तेव्हा तुम्ही इथं होतात?"

"होतो."

"आणि खाट खांद्यावर टाकून खाली कुणी नेली?"

"मी नेली. नियम तुझा होता."

बिस्कीट तुटून कपात पडलं. सासूबाई मुलाकडे बघत राहिल्या, मग फडकं वाळत घालायला गॅलरीत गेल्या. त्यानंतर दुपारपर्यंत त्या आत आल्या नाहीत.

दहा वाजता सून समोरच्या अर्धवट इमारतीवर गेली. खाट तिथल्या रखवालदाराला दिली होती. पत्र्याच्या खोलीत तो त्याच खाटेवर झोपला होता. रात्रपाळी करून आलेला. भिंतीला एक खिळा, खिळ्याला एक शर्ट, खाली बादली आणि किटली. एवढ्याच वस्तू. घरातलं सामान कमी केल्याचं वर्षभर ती मैत्रिणींना कौतुकाने सांगत आली होती. इथे मात्र तिला नीट उभंही राहता येईना.

पत्रा वाजला तसा तो उठून बसला.

"काय ताई, गादी पण द्यायची राहिली होती की काय?"

ती हसली नाही. तिने सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत ऐकत होता.

"मग न्या की. माझी चार तासांची झोप बाकी आहे, तेवढी संपवू द्या. तशी पाठ जरा सुधारली होती या दोन आठवड्यांत. पण वर्षभर फरशीवर झोपलोच ना."

"नको," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."

"नक्की? मागाहून पुन्हा उठवायला येऊ नका बरं का."

जिना चढताना ती दोनदा थांबली, दोनदा मागे वळली. घरी येऊन तिने भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरली, पॅसेज झाडला, पुन्हा झाडला. पडदा लावला. लावल्यावर मागे काहीतरी आहे असं वाटायला लागलं, म्हणून काढून टाकला.

दोन वाजता तिनेच दिराला फोन लावला. मागे बसचा खडखडाट होता.

"वहिनी? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. भाऊजी, तुमची खाट घरात नाही. मी देऊन टाकली. मला माहीत नव्हतं."

खडखडाट चालूच राहिला. मग तो म्हणाला, "आई तर म्हणाली, आहे."

"त्या इथं नव्हत्या. त्यांना आज कळलं."

"आणि दादा?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात उभा राहून ऐकत होता. तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला गेला नाही. चारदा.

"खोटं बोलता आलं नसतं?" नवरा म्हणाला.

"तुमच्यासाठी?"

पावणेपाचला नवऱ्याने शर्ट बदलला आणि कुणाला न सांगता खाली उतरला. गॅलरीतून सासूबाईंना तो बसथांब्याच्या दिशेने जाताना दिसला. त्यांनी सुनेला हाक मारली आणि दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या. थांबा तिथून दिसत नाही. मध्ये वळण आहे.

बस पाच वाजून वीस मिनिटांनी वळणावरून बाहेर पडली. पावणेसहापर्यंत कुणी आलं नाही. सव्वासहाला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपडे द्यायला वर आला.

"तुमचे दोघं थांब्यावर बसलेत," तो म्हणाला. "बाकाच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. मध्ये ही एवढी बॅग. भांडत असते तर मी मध्ये पडलोच नसतो. पण एक शब्द नाही हो, म्हणून म्हटलं वर सांगावं."

"परतीची बस कितीची?" सासूबाईंनी विचारलं.

"सात वाजताची."

सून चप्पल घालायला वळली. "नको. आणायचं तर थोरल्यानेच आणायला हवं," म्हणत सासूबाईंनी तिचा दंड धरला, तसाच धरून ठेवला. साडेसहा वाजेपर्यंत जिन्यावर पावलं वाजली ती फक्त खाली उतरणाऱ्या इस्त्रीवाल्याची.