सुकवलेला पैलवान

भांडण सुरू झालं ते चूळ भरण्यावरून. भट्टीवाल्याच्या बायकोने लेकाच्या हातात पाण्याचा पेला दिला, तसा भट्टीवाला मधे आला.

“चूळ ह्याच पेल्यात टाक. किती गेलं, किती परत आलं, मला बघू दे.”

“अहो, पोटचा पोर आहे तो, चोर नाही,” ती म्हणाली.

“एक घोट गिळला तर वजन वर गेलं. मग बसा रडत.”

पोराने खरंच पेल्यात चूळ टाकली आणि बापाने पेला उजेडात धरून पाहिला. मी पलीकडे विटांचा चिखल तुडवत होतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण धन्याच्या घरात गड्याने किती तोंड घालायचं?

पोराला आम्ही सगळे पैलवानच म्हणायचो. कुस्तीच्या निवडीत जिंकला असता तर संघात जागा होती, पुढे नोकरी होती, चिखलातून सुटका होती. पण त्याच्या खऱ्या वजनाच्या गटात एक जण होता, त्याला सगळे डोंगर म्हणत. त्याच्यापुढे कुणाचाच टिकाव लागत नसे. म्हणून बाप दरवर्षी पोराला सुकवून खालच्या गटात उतरवायचा. वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं. मग पोरगा रात्रभर खायचा, प्यायचा आणि सकाळी ताजा होऊन उभा राहायचा. यंदा नियम बदलला. वजन कुस्तीच्याच सकाळी, आणि पाठोपाठ लढत.

“अप्पा, यंदा नको,” पैलवान म्हणाला. “मधे सावरायला वेळच नाही. डोंगराशी लढतो की. हरलो तर हरलो.”

“अरे, वीट सुकते तेव्हाच टणक होते. ओल्या विटेवर घर बांधतं का कुणी?”

सगळा जन्म विटांत गेलेला माणूस, त्याला पोराचं अंगही मातीचंच वाटलं. मनाने वाईट नव्हता हो. पोराला जाड चादरीत गुंडाळून तापल्या भट्टीला टेकवायचा, तेव्हा स्वतःही शेजारी भाजत बसायचा.

शेवटच्या दिवशी पोराला घाम येईना.

“अप्पा, घाम थांबला,” मी म्हणालो. “लक्षण बरं दिसत नाही.”

“संपला असेल. म्हणजे झालं आपलं काम.”

सकाळी पोरगा वजनात बसला. भट्टीवाल्याने आनंदाने माझ्या पाठीत थाप मारली. पैलवानाने अधाशासारखी बाटली तोंडाला लावली, पण पाणी पोटात ठरेना, सगळं ओकून टाकलं. तेवढ्यात त्याला पुकारलं.

समोरचा गडी हात धरायला पुढे आला, आणि पैलवान गुडघ्यांवर बसला. मग हळूच आडवा झाला. तो गडी घाबरून पंचांना सांगत राहिला, “मी काही केलं नाही. मी धरलंसुद्धा नाही त्याला.”

जीव वाचला, किडन्या गेल्या. आता त्याला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं. यंत्राला जोडून रक्त धुतात. अंगात किती पाणी साठलंय ते कळावं म्हणून आधी काट्यावर उभं करतात, नंतर पुन्हा उभं करतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पाणी मोजूनच द्यायचं, वर एक घोट नाही. ते माप बापाच्या हातात आलं. देताना त्याच्याकडून निम्मं जमिनीवर सांडतं, आणि सांडलेलं पुन्हा द्यावं की नाही, हेही त्याला उमगत नाही. माझं काळीज तुटतं बघून.

भट्टीवाला हल्ली लेकासमोर पाणी पीत नाही. तहान लागली की घराच्या मागे जातो आणि चोरासारखा उभ्या-उभ्या पितो. काल मी तिथेच होतो. आतून पैलवानाची हाक आली.

“अप्पा, इथं येऊन प्या ना. तुम्ही पिताना बघितलं तरी बरं वाटतं मला.”