कुशाबाईंच्या गळ्याजवळची हवा

माणूस न कापता त्याच्या आतले काप दाखवणारे मी एक जुने सीटी स्कॅनचे यंत्र आहे, मित्रांनो. माझा जन्म परदेशातला. तिथे सात वर्षे राबून झाल्यावर १९९६ साली मला बारामतीत आणले, नवा रंग दिला आणि हार घातला. लोक लांबलांबून मला नुसते बघायला येत. माझ्यासाठी वेगळी वीज, गार खोली, चपला बाहेर. मीही भलतेच शेफारले होते.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सणसरच्या कुशाबाई आल्या. वय चाळिशीचे, खोकल्याने बेजार. सोबत मुलगी मनिषा आणि थोरले दीर महिपती. नवरा गेल्यापासून महिपतीच त्या घरचे कर्ते होते.

"ह्यात दुखतंय का वं, बाई?" माझ्या फळीवर झोपता झोपता कुशाबाईंनी विचारले.

"नाही. मी सांगेन तेव्हा श्वास रोखायचा, बस," डॉक्टर सुधाताई म्हणाल्या.

मी काप घेतले. मानेच्या बुडाशी, श्वासनलिकेच्या उजव्या अंगाला, जरा मागे हवेची एक छोटी पिशवी दिसली. मोठ्या माणसांत काही जणांना ती असते आणि बहुधा तिचा काही त्रास नसतो. सुधाताईंनी ती बरोबर ओळखली. निरुपद्रवी, उपचारांची गरज नाही, असे लिहिलेही. पण लिहिले इंग्रजीत. बाहेर रांग होती. आजाराचे बोलणे कर्त्या पुरुषाशी करायचे, ही इथली रीत. त्यांनी फिल्म आणि तो कागद घातलेले पाकीट महिपतींच्या हातात दिले, "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कुशाबाईंना कुणी काही सांगितलेच नाही.

पुढचे मला सव्वा वर्षाने कळले. मनिषा एकटीच आली, तेच पाकीट घेऊन. तिलाही खोकला लागला होता.

"आईसारखंच हाय का बघा," ती म्हणाली.

"आई कशा आहेत?" सुधाताईंनी विचारले.

"गेली. महिपती तात्यांनी तवा स्टँडवरच फोटू उन्हात धरला. नळीशेजारी काळं भोक. म्हणलं, उसाला खोडकिडा लागल्यागत हाय, आतनं पोखरलंय, आता डॉक्टर काय करणार. दुसऱ्यांना लागंल म्हणून आईला गोठ्याशेजारच्या खोपीत ठिवलं. ताट येगळं, तांब्या येगळा. मी दारातनं भाकरी सरकवायची. औंदा थंडीत तिची छाती भरली, ताप चढला. दवाखान्यात न्हाय नेलं."

माझ्या फिल्मवर हवा काळी दिसते, मित्रांनो. ते भोक म्हणजे एवढेच होते.

सुधाताईंनी पाकिटातला कागद काढला आणि शेवटची ओळ मराठीत वाचून दाखवली. मनिषाने ती पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजी ह्याच्यापासनं कुणाला काय व्हणार नव्हतं?"

"नाही," सुधाताई म्हणाल्या. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हते.

"आई रोज म्हणायची, घटकाभर जवळ बस. मी न्हाय बसले."

आता मी कोपऱ्यात झाकून ठेवलेले भंगार आहे. माझी निगा राखा, असे मी म्हणत नाही. घरात कुणाचा असा फोटो काढलात, तर कागदावर काय लिहिले आहे ते आपल्या भाषेत विचारून घ्या, आणि ज्याचा आजार आहे त्याच्या देखत विचारा. तोवर त्याचे ताट वेगळे करू नका.