गळका मांडव

मी खुर्ची बोलतेय. उभ्या उभ्याच बोलते. बसायची सोय मला सुताराने ठेवलेली नाही. हात रुंद, पाठ ताठ, बैठक वेताची, आणि वजन असं की मला उचलणारा आधी त्या सुताराच्या नावाने बोटं मोडतो.

मी या घरात आले ती आजोबांच्या लग्नात. तेव्हा ते काही आजोबा नव्हते, घड्याळं दुरुस्त करणारा एक काटकुळा तरुण होते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकायचं आणि संध्याकाळी माझ्यात येऊन पाठ टेकायची, असा त्यांचा जन्म गेला. पुढे डोळे अधू झाले, गुडघे गेले. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं.

आमचं घर यहुदी. संध्याकाळी लवकर अंधारायला लागलं की यांचे सण एकामागून एक येतात. आधी नवं वर्ष. त्या दिवशी सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून खातात, आणि चिमणी, म्हणजे नात, आपली चिकट बोटं दरवर्षी माझ्याच हाताला पुसते. मग मुंग्या आणि मी. त्यानंतर कडक उपासाचा दिवस. सगळे पांढऱ्या कपड्यांत प्रार्थनेला जातात आणि मला जरा उसंत मिळते. उपास सुटून पोटात दोन घास जातात न जातात, तोच मुलगा हातोडा घेतो, कारण मांडवाचा पहिला खिळा त्याच संध्याकाळी ठोकायची यांची रीत.

मांडव म्हणजे चार खांब, कापडाच्या भिंती आणि वर तोडलेल्या फांद्या. पूर्वज वाळवंटात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून सणाचे दिवस जेवण तिथे. अट एकच, फांद्यांच्या वर थेट आकाश हवं. शिवाय एक खुर्ची रिकामी ठेवतात, जुन्या पूर्वजांसाठी. तो मान सुनेच्या घडीच्या खुर्चीला. मला तिचा राग यायचा. वजन उचलायचं मी, आणि मिरवायचं हिने!

मांडव पूर्वी खाली आवारात असायचा. गेल्या वर्षी आजोबांना उतरता आलं नाही. सगळे खाली जेवले आणि ते वर, माझ्यात, भिंतीकडे तोंड करून बसले. मुलाला ते फार लागलं होतं. म्हणून या खेपेला त्याने मांडव गॅलरीतच उभारला.

पहिल्या संध्याकाळी आजोबांना धरून आणलं. ते खूश होते. आशीर्वाद म्हणाले, पाव मोडला, सुपाचा चमचा उचलला, आणि बाहेर पावसाची सर आली.

"पाऊस वाटतं," आजोबा म्हणाले.

"बारीक आहे, बाबा. तुम्ही सूप घ्या."

आजोबांनी चमचा ठेवला, तळहात उताणा केला आणि थांबले. शेजारच्या पत्र्यावर पाऊस चांगला वाजत होता.

"मग माझा हात कोरडा कसा?"

सून मिठाकडे बघायला लागली. चिमणीच्या पोटात काही राहत नाही. "वर दुसऱ्यांची गॅलरी आहे ना, आजोबा."

"तुम्हाला जिना उतरवत नाही," मुलगा म्हणाला. "म्हटलं, घरच्या घरी होईल."

"म्हटलंस, म्हाताऱ्याला कुठे दिसतंय." आजोबा रागावले नव्हते, तेच वाईट होतं. "न गळणाऱ्या घरात वर्षभर बसतोच की रे. मांडव गळला पाहिजे."

ते आत गेले. मुलगा कितीतरी वेळ माझ्यात बसून होता. मला त्याची दया आली.

सणाच्या पहिल्या दिवसांत ठोकाठोकी चालत नाही. ते दिवस सरले तसा त्याने मांडव उचकटला आणि खाली आवारात उभा केला. मग आजोबांना माझ्यात बसवलं, मागून स्वतः धरलं आणि पुढून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने. ज्याच्या गॅलरीने घोटाळा केला, तोच!

"हळू," आजोबा डोळे मिटून म्हणाले. "या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा पाय कठड्याला आपटून तडकला. मी हूं की चूं केलं नाही.

खाली बसल्यावर त्यांनी मान वर केली. "चिमणे, तारा दिसतो का?"

"एक दिसतो. थांबा, दोन!"

तेवढ्यात ओल्या फांदीवरून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. सून रुमाल घेऊन धावली. आजोबांनी तिचा हात धरला. "राहू दे गं."

"बाबा, चुकलं माझं," मुलगा म्हणाला.

"बस आता. सूप निवतंय."

तो त्यांचा शेवटचा मांडव. थंडी संपता संपता आजोबा गेले. माझा तडकलेला पाय सुतळीने बांधलेला होता, आणि सून एकदा म्हणालीही, आता ही भंगारात देऊया. मुलाने मला भिंतीशी सरकवून ठेवलं.

दहा दिवसांपूर्वी नव्या वर्षाचा मध माझ्या हाताला लागला. काल उपास सुटला आणि हातोडा निघाला. पण त्याने पहिला खिळा मांडवाला नाही मारला, माझ्या पायाला मारला. मग मला हलवून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "तुझी घडीची खुर्ची यंदा बसायला घे. रिकामी ही राहील."

त्या मानासाठी मी इतकी वर्षं जळत होते. आता मिळालाय तर नकोसा वाटतोय. पण जाईन. माझं मागणं एवढंच, की मला फांद्यांखाली ठेवा, आणि बैठकीवर थेंब पडला तर पुसू नका.