बाबाच्या कौतुकाची सहा पत्रं

रुहीचा बाबा असामान्य होता. सतरा वर्षं त्याच्या घरात राहून रुहीला हे कळलं नव्हतं. शंतनूला स्वतःलाही कळलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये पुरुषोत्तमकाकांनी सांगितलं तेव्हा दोघांना एकदमच कळलं.

पुरुषोत्तमकाका सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडचे. त्यांच्या कार्डावर ‘प्रोफाइल मेंटॉर’ असं छापलंय आणि हा हुद्दा त्यांना त्यांनीच दिलाय. काका सांगतात की अमेरिकेत कायमचं राहू देणाऱ्या ग्रीन कार्डाच्या दोन रांगा आहेत. एक साध्या माणसांची. शंतनू त्या रांगेत दोन हजार चौदापासून उभा आहे आणि तिचं पुढचं टोक त्याच्या नातवंडांना दिसलं तर दिसेल. दुसरी रांग असामान्य गुणवत्तेच्या माणसांची, ती आखूड. शंतनूसारख्याला पहिल्या रांगेतून उचलून दुसरीत नेऊन ठेवणं, हा काकांचा उद्योग.

घाई होती ती रुहीची. मुलाची एकवीस वर्षं भरली की ते बापाच्या फायलीतून गळून पडतं. मग स्टुडंट व्हिसा मिळवा, नाहीतर सामान बांधा. रुही चार वर्षांची असताना पुण्याहून आली आणि बॉथेलमध्ये वाढली. पुण्यातले तिच्या ओळखीचे लोक एका हाताच्या बोटांवर मावतील, त्यातला एक तर इडलीवाला. तिच्याकडे चार वर्षंही उरली नव्हती.

म्हणून शंतनू असामान्य व्हायला लागला. आधी एक पुरस्कार आला, म्हणजे कुरिअरने आला. ‘ग्लोबल टेक टायटन’ असं कोरलेला काचेचा ठोकळा, पाट्यासारखा जड. तो कुणी दिला, कशासाठी दिला, बाकीचे टायटन कोण, हे विचारायचं नसतं. मग परीक्षक होणं आलं, कारण असामान्य माणूस इतरांच्या कामाचा निवाडा करतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मुलांची रोबो स्पर्धा होती, तिथे शंतनूने निवाडा केला. एका स्पर्धकाची आजी नाशिकहून व्हिडिओवर बघत होती, तेवढ्यावर काकांनी सर्टिफिकेटमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ घालून घेतलं.

राहिली पत्रं. क्षेत्रातल्या सहा तज्ज्ञांनी लिहायचं की हा माणूस थोर आहे. काकांचा शिरस्ता असा की तज्ज्ञांना तसदी द्यायची नाही. ज्याचं कौतुक त्यानेच लिहायचं, तज्ज्ञांनी खाली सही करायची.

“रुही, तुझं इंग्लिश चांगलं आहे,” शनिवारी सकाळी शंतनू म्हणाला. “सहा पत्रं हवीत. प्रत्येकाचा आवाज वेगळा. काका म्हणतात, ऑफिसरला एकाच हातची वाटली तर संपलं.”

“बाबा, तू नक्की करतोस काय? एका वाक्यात सांग.”

“लॉग असतात ना. सिस्टिममध्ये दिवसभर काय झालं त्याच्या नोंदी. त्या जुन्या झाल्या की आमची सर्व्हिस त्या डिलीट करते.”

“म्हणजे कचरा काढतोस.”

“स्केलवर काढतो,” शंतनू म्हणाला.

रुही कामाला लागली. शाळेत नुकतंच वादविवादाच्या संघाचं कप्तानपद मिळाल्यामुळे ती त्या दिवसांत जमिनीपासून चार बोटं वरून चालत असे. कुठलीही बाजू मांडू शकते, मग ही का नाही? पहिलं पत्र तिने एका म्हाताऱ्या, दमेकरी प्राध्यापकाच्या थाटात लिहिलं. दुसरं एका घाईतल्या कंपनीवाल्याचं, त्याला पूर्णविराम परवडत नाहीत. तिसऱ्यात शंतनूने ‘डिजिटल स्वच्छतेत क्रांती’ केली. चौथ्यात तो नसता तर जग नोंदींखाली गाडलं गेलं असतं. सहाव्यापर्यंत तिला स्वतःचीच शिसारी आली आणि तिने साधं लिहून टाकलं: हा चांगला इंजिनिअर आहे, याचं काम नीट झालं की कुणाला ते झाल्याचं कळतही नाही.

रविवारी दुपारी बापलेक पत्रं घेऊन रेडमंडला गेले. काकांच्या तळघरात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि भिंतीवर बाण दाखवणारा तक्ता होता. काकांनी पाच पत्रांवर मान डोलावली. सहाव्यावर थांबले.

“हे काय लिहिलंयस? चांगला इंजिनिअर?”

“आहे तो चांगला,” रुही म्हणाली.

“अगं, चांगल्यांना इथे कोण विचारतं. चांगले सगळे पहिल्या रांगेत सडतायत. यात ‘पायोनियर’ घाल. आणि शंतनू, तू जरा पोझमध्ये फोटो काढ रे. हनुवटीखाली हात.”

शंतनूने तिथल्या तिथे हनुवटीखाली हात धरून बघितला. रुहीला ते बघवेना. ती वर स्वयंपाकघरात गेली, जिथे मालिनीकाकू पुढच्या बॅचसाठी साबुदाणा वडे तळत होत्या.

“काकू, काका कशात असामान्य आहेत? म्हणजे त्यांना कार्ड कशावर मिळालं?”

काकूंचा झारा हवेत राहिला. मग त्या हसायला लागल्या, आणि हसू आवरेना म्हणून त्यांनी गॅस बारीक केला.

“ह्यांना? ह्यांची तेव्हा दोनदा नोकरी गेली होती गं. मी नर्स. हॉस्पिटलने माझी फाईल केली, हे माझ्या मागून आले, डिपेंडंट म्हणून. खाली कुणाला बोलू नकोस हो, क्लास बंद पडायचा.”

“म्हणजे त्यांनी यातलं काहीच केलेलं नाही?”

“फॉर्मवर सही केली की. तीसुद्धा चुकीच्या पानावर.” काकूंनी एक वडा तिच्या हातावर ठेवला. “तुझी आई करते काय गं? लॅबमध्ये आहे ना? तिच्या नावाने का नाही बघत?”

“आई बाबाच्या व्हिसावर डिपेंडंट आहे,” रुही म्हणाली. हे वाक्य ती लहानपणापासून म्हणत आली होती, फोन नंबर सांगावा तसं. आत्ता पहिल्यांदाच तिला ते ऐकू आलं.

घरी आले तेव्हा नीलांबरी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरीची वाट होती, आणि ती एका छापील लेखाच्या समासात बारीक अक्षरात लिहीत होती. रविवारी ती हे नेहमीच करायची. रुही आजवर समजत होती की आईला ऑफिसचं होमवर्क असतं.

“आई, हे काय आहे?”

“जर्नलसाठी पेपर तपासतेय. छापावा की नाही ते सांगायचं. महिन्याला एखादा येतोच, संपादकांना नाही म्हणवत नाही.”

“म्हणजे तू परीक्षक आहेस.”

“छे गं, तपासून देते फक्त.”

रुहीने लॅपटॉप उघडला आणि आईचं नाव टाकलं. जे पुरुषोत्तमकाकांच्या तक्त्यावर बाणांनी दाखवलेलं होतं ते सगळं तिथे बाणांशिवाय पडलेलं होतं. पुण्यात पीएच.डी. करताना नीलांबरीने साखरेचं एक मिश्रण शोधलं होतं, प्रथिनं गोठवून सुकवताना मोडू नयेत म्हणून. त्या एका लेखाचा आधार जगभरच्या चारशे बारा लेखांनी घेतला होता. त्यानंतर वर्क परमिट येईपर्यंत चार वर्षं ती घरी बसली होती. मग बॉथेलच्या छोट्या कंपनीत लागली, आणि तिथून आणखी सात लेख, एक पेटंट.

“बाबा, इकडे ये,” रुही म्हणाली. “ह्याला म्हणतात काखेत कळसा.”

शंतनूने चष्मा लावून वाचलं. खाली खाली जात राहिला. “हे अकॅडमिक आहे गं,” तो शेवटी म्हणाला. “काकांना विचारतो.”

“काकांना काय विचारतोस? त्यांना काकूंनी आणलंय. वकिलाला विचार.”

आता मालिनीकाकूंचं गुपित फुटलं ते फुटलंच. शंतनूने चष्मा काढला. मग बायकोकडे वळला. “नीलू, पेटंटचं तू कधी सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं की. दोन वर्षांपूर्वी. तू ‘वा’ म्हणालास, आणि मग डिशवॉशर गळत होता तो बघायला गेलास.”

तिसरी शिट्टी झाली. उठून गॅस नीलांबरीनेच बंद केला, कारण ती असामान्य असली तरी वरण कुणी दुसरं उतरवणार नव्हतं. रुहीने हेही बघून ठेवलं.

वकिलीणबाईंनी नीलांबरीची यादी वाचून एकच प्रश्न विचारला: हे आजवर कुठे होतं? शंतनूने खिडकीबाहेर बघितलं. मग पुन्हा पत्रं आली, पण आता नीलांबरी अडली. “मी कुणाला सांगू, माझं कौतुक करा म्हणून? लाज वाटते बाई.”

“तू नको सांगू. मी मेल लिहिते, तू फक्त ‘पाठव’ दाब.”

डेन्मार्कमधल्या एका बाईंना मेल गेलं. त्या नीलांबरीला कधी भेटल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं दोन पानी पत्र आलं, त्यांनी स्वतः लिहिलेलं. या मिश्रणाशिवाय त्यांच्या लॅबचं काम तीन वर्षं मागे राहिलं असतं, असं त्यात होतं. आणि मूळ लेखातली तिसरी आकृती अत्यंत गचाळ आहे, असंही होतं. रुहीने ते तीनदा वाचलं. सहा आवाज काढणाऱ्या तिला असं पत्र सात जन्मांत सुचलं नसतं. खऱ्या कौतुकात माणूस भांडतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आकृती गचाळच आहे,” नीलांबरी म्हणाली. एवढं खुश रुहीने तिला कधी बघितलं नव्हतं.

फॉर्मवर नवऱ्याच्या रकान्यात शंतनूचं नाव रुहीने टाइप केलं, जरा जास्तच जोरात. तीन आठवड्यांनी मंजुरी आली. या रांगेतही उभं राहायचं होतंच, पण वकिलीणबाईंच्या हिशोबाने दोन-अडीच वर्षं. एकवीस भरायच्या आत. रुहीने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि सिअ‍ॅटलच्या कॉलेजचा अर्ज बिनधास्त भरायला घेतला.

बातमी पोचताच पुरुषोत्तमकाका पेढे घेऊन हजर झाले. मालिनीकाकू बरोबर होत्या आणि रुहीच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

“आपल्या ग्रुपवर टाकतो,” काका म्हणाले. “माझ्याकडून मार्गदर्शन घेतलेलं कुटुंब. ट्रॉफीसकट फॅमिली फोटो हवा. ट्रॉफी कुठंय रे शंतनू?”

शंतनूने ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे फडक्यात बांधलेलं पनीर होतं, आणि त्यातलं पाणी निथळावं म्हणून त्यावर ‘ग्लोबल टेक टायटन’ आडवा घातलेला होता.

“आत्ता उचलता येणार नाही, काका,” शंतनू म्हणाला. “अजून अर्धा तास लागेल.” आणि तो वरण उतरवायला गेला.