हायलमची नोंद

आमच्या परिभाषाकोशाच्या कचेरीत एक नियम आहे. नोंद छापायला जाण्याआधी ती विषयाबाहेरच्या माणसाला वाचून दाखवायची आणि त्यानं ती आपल्या शब्दांत सांगायची. सांगता आली नाही, तर नोंद परत टेबलावर. माझं बाहेरचं माणूस म्हणजे बाबा. जन्मभर शिवणयंत्र चालवलं त्यांनी. लेकीच्या पंडिती वाक्यांना कात्री लावायला मिळाली की स्वारी खूश.

त्या दिवशी ‘हायलम’ हा शब्द होता. सकाळी मी एकटीच बाबांचे रिपोर्ट आणायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी आत बोलावलं होतं. बाबांची गाठ फुप्फुसाच्या हायलमपाशी आहे, रक्तवाहिन्यांना बिलगून; ऑपरेशन होणार नाही, म्हणाले. मी ‘बरं’ म्हणाले आणि कचेरीत गेले. डबाही खाल्ला. मला काहीच वाटत नव्हतं.

संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून बसले. दुसरी नोंद काढावी हे मला सुचलंच नाही. मी घेवड्याचा दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. कडेला बारीक डाग दिसतो तो हायलम, शेंगेत असताना दाणा तिथं देठाला जोडलेला असतो. मराठीत नाभिका.

बियाची बेंबी म्हणा की सरळ, असं बाबांचं म्हणणं पडलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘क्षुल्लक वस्तू’, हे ऐकून तर ते हसलेच. एवढ्याशा डागाला केवढा तो थाट, म्हणाले. मी कागद मिटला.

“खाली शरीरशास्त्र लिहिलेलं दिसलं मला,” ते म्हणाले. “ते राहिलं.”

मी वाचलं. फुप्फुस, मूत्रपिंड अशा अवयवांची ती जागा, जिथून रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात. आवाज अगदी सपाट होता माझा, बातम्या वाचल्यासारखा.

बाबा बराच वेळ दाणा बोटांत फिरवत राहिले.

“माझं तिथंच आहे का?”

“हो.”

आता सांगायची पाळी त्यांची होती.

“म्हणजे तिथं कात्री घालता येत नाही,” ते म्हणाले. “बरोबर?”

मी बरोबर म्हणाले. डॉक्टरांनी कधी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. सकाळी, मी म्हणाले. बरोबर कोण होतं? कोणी नाही. मग कचेरीत गेलीस? हो.

त्यांनी माझ्या हातातला कागद काढून बाजूला ठेवला.

“मला फोन करायचास ना,” बाबा म्हणाले. “तुझ्याजवळ बसायला आलो असतो मी.”