दोनशे छप्पन्न जणांचा ग्रुप

नोकरी गेलेल्या माणसाला कुणी फोन करत नाय, आणि नोकरी लावून देणाऱ्याला सकाळी सहापासून फोन येतात. मी एकाच वेळी दोन्ही होतो. त्यामुळं त्या उन्हाळ्यात माझं डोकं कायम तापलेलं असायचं. माझी बायको सत्यभामा, तिच्याशी तर बोलायचीच सोय नव्हती.

सोळा सालचा दुष्काळ. वाळूजच्या कंपन्यांचं पाणी कापलं आणि आमच्या कंपनीनं पाण्याबरोबर माणसंही कापली. अकरा वर्षं मी तिथं स्टोअरला होतो, ठेकेदाराच्या हजेरीवर. एके दिवशी गेटवर कार्ड लावलं तर मशीन वाजलंच नाय. वॉचमन म्हणाला, "धोंडिबा, तुझं नाव काढलंय वाटतं." निरोप समारंभ तो एवढाच.

तिकडं जालना रोडला बारा-बारा मजल्यांच्या टॉवरच्या पाट्या लागत होत्या, त्यावर पोहायच्या तलावाची चित्रं. इकडं बजाजनगरात आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी. शहर वाढतंय, असं पेपरवाले छापायचे. वाढू दे की बाबा, अडवलंय कुणी!

घरात बसून भिंती किती बघायच्या? मी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. 'काम आहे का काम' असं नाव दिलं. जुन्या ओळखी होत्या. कुठं फिटर पाहिजे, कुठं पॅकिंगला बायका पाहिजेत, मला कळायचं आणि मी ग्रुपवर टाकायचो. दोन महिन्यांत दोनशे छप्पन्न माणसं झाली. त्याच्यावर व्हॉट्सॲप एकालाही आत घेत नव्हतं. बाहेर शंभरेक जण थांबलेले, त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवलेली. म्हणून मी नियम केला. ज्याला काम लागलं त्यानं पेढ्यांचा फोटो टाकायचा आणि ग्रुप सोडायचा, म्हणजे वहीतल्या पुढच्याला आत घेता येतं. पोरांनी हा नियम लई इमानदारीनं पाळला. पुढं पुढं फोटोचाही कंटाळा आला. 'अमुक लेफ्ट' अशी बारीक ओळ दिसली, की खाली धडाधड अभिनंदन सुरू. ग्रुपातून गेला म्हणजे कामाला लागला, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं.

"गावाची उसाभर करता," सत्यभामा म्हणायची. "त्यातली एखादी स्वतःला ठेवली तर काय ग्रुप बाटतो का तुमचा?"

"ॲडमिननं आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायचं नसतं."

"मग ॲडमिनच्या बायकोनं काय खायचं, तेबी टाका की ग्रुपवर!"

ती दिवसभर मान खाली घालून लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसायची. तिचं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग यायचा.

ग्रुपात आकाश म्हणून एक पोरगा होता. लासूर स्टेशनचा. त्याचे वडील अप्पाराव गवंडी. आमची वरची खोली त्यांनीच बांधलेली, तेव्हापासूनची ओळख. पाण्यावाचून बांधकामं बंद पडली आणि अप्पाराव घरी बसले. आकाशचं आयटीआय झालेलं, कॉम्प्युटरही येत होता. रोज सकाळी त्याचा ठरलेला मेसेज, "जय भीम दादा. स्टोअरचं काही?"

एकदा मी वैतागून फोनच केला. "अरे, रोज काय विचारतो? नोकरी काय पेपरासारखी रोज दारात पडते का?"

तो हसला. "तुम्ही चिडला तरी उत्तर देता दादा. बाकीचे तर मेसेज बघतसुद्धा नाय."

असं बोलल्यावर कोण विरघळणार नाय? मी शब्द देऊन बसलो. म्हटलं, "स्टोअरची पहिली जागा आली की आधी तुला सांगणार. ग्रुपला नंतर."

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी ती जागा आली. मंदार म्हणून एक जण आमच्या जुन्या कंपनीत ऑफिसला होता, त्यानं कळवलं. शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअर असिस्टंट, एकच जागा, शनिवारी दहा ते बारा मुलाखत. पुढं लिहिलं होतं, कंपनीच्या रोलवर. म्हणजे ठेकेदार नाय, फंड कापणार, कायमची नोकरी.

मी फोनमध्ये आकाशचं नाव काढलं. खोटं कशाला सांगू, खरंच काढलं होतं. मग ती ओळ परत वाचली. अकरा वर्षं मी ज्याच्यासाठी ओव्हरटाइम केला, साहेबांना सलाम ठोकले, ते त्या ओळीत लिहिलेलं होतं. समोर सत्यभामा सुई ओवत होती आणि तिला दोरा दिसत नव्हता. मी फोन पालथा ठेवला. उद्या आपण जाऊन येऊ, आपलं नाय झालं तर पोराला सांगू, अशी मनाची समजूत घातली. आणि मन तरी काय, लगेच समजलं.

तेवढ्यात मेसेज आला, "जय भीम दादा. स्टोअरचं काही?"

मी लिहिलं, "नाय रे अजून."

शनिवारी सत्यभामानं शर्टला इस्त्री करून दिली, हातावर दही-साखर ठेवली. कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी गोड बोलली. शेंद्र्याच्या त्या ऑफिसात एक पंचविशीची मॅडम बसलेली होती. तिनं माझे कागद नीट वाचले, एकदोन प्रश्न विचारले, मीही न अडखळता उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "काका, अनुभव चांगला आहे तुमचा. पण आम्हाला तिशीच्या आतला माणूस हवाय, वरूनच तसं आलंय. तुमच्या ओळखीत आयटीआय झालेला एखादा मुलगा असेल तर पाठवा ना. सकाळपासून धड कुणी आलंच नाही. बारापर्यंत आहे मी."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

बाहेर येऊन मी तो मेसेज ग्रुपवर टाकला, जणू काय मला आत्ताच मिळालाय. एका मिनिटात आकाशचं उत्तर, "दादा, निघालो!" लासूर शहराबाहेर त्या टोकाला, शेंद्रा या टोकाला. विमानानं आला असता तरच पोचला असता. आत जाऊन मॅडमला म्हणता आलं असतं, की एक गुणी पोरगा येतोय, दोन तास दम धरा. मग ती म्हणाली असती, काल का नाय सांगितलं त्याला? मला लाज वाटली हो. एवढ्या एका प्रश्नाच्या लाजेपायी मी आलेल्या रिक्षात चढलो आणि घरी गेलो.

पावणेदोनला त्याचा फोन आला. "दादा, माणूस घेतला म्हणे त्यांनी. वॉचमननं गेटवरूनच परत लावलं. तुम्हालाच उशिरा कळलं का?"

"व्हय रे. नेट नव्हतं माझ्याकडं."

"असू द्या दादा. तुम्ही लई करता आमच्यासाठी." त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी त्याचा मेसेज आला नाय. नऊच्या सुमाराला ग्रुपवर बारीक ओळ आली, 'आकाश लेफ्ट'. आणि झालं सुरू! अभिनंदन, अभिनंदन भावा, शेंद्र्याची जागा मारली वाटतं, पेढे कुठंयत, दादांची कृपा. सत्तर-ऐंशी मेसेज पडले. खरं काय ते दोनशे पंचावन्न जणांत मला एकट्याला ठाऊक. ॲडमिन गप्प बसला तर कुणीतरी विचारील, ही भीती. मीही शेवटी लिहिलं, 'अभिनंदन आकाश'. आणि वहीतल्या पुढच्या नावाला आत घेतलं.

त्याला फोन करावा असं दोनदा मनात आलं. केला नाय.

गुरुवारी दुपारी अप्पाराव दारात. डोक्याला रुमाल, घामानं भिजलेले, हातात औरंगपुऱ्यातल्या दुकानाचा पेढ्यांचा पुडा.

"जय भीम धोंडिबा!"

"जय भीम. या, या."

सत्यभामानं पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं घातला. "तुमच्यामुळं लागला पोरगा. आमच्याकडच्या पोरांनी मोबाईलवर दाखवलं. सोमवारी पहाटं पिशवी घेऊन निघाला, कुणाला कायबी बोलला नाय. मला वाटलं, लाजलं येडं."

सत्यभामा माझ्याकडं बघत होती. शेंद्र्याला कोण गेलं होतं, ते तिला माहीत होतं.

"एक काम हाय बगा," अप्पाराव म्हणाले. "त्याचा फोन चार दिस झालं बंद हाय. नवीन जागा, गडबडीत असंल. तुम्ही कंपनीचा नंबर द्या, म्हंजी त्याची माय तरी दोन घास खाईल."

मला वाटलं, एखादा नंबर देऊन टाकावा. कुठलाही. इतका नीच विचार आला माझ्या मनात.

"अप्पाराव," मी म्हणालो, "आकाशला नोकरी लागली नाय. शेंद्र्याची जागा मला मुलाखतीच्या आदल्या दिवशीच कळली होती. त्याला सांगतो म्हणून शब्द दिला होता मी, आणि दाबून ठेवली. मला पाहिजे होती."

मला वाटलं आता पुडा तोंडावर मारतील. मारायला पाहिजे होता. त्यांनी खिशातून फोन काढला, कुणीतरी पाठवलेला ग्रुपवरच्या मेसेजांचा फोटो उघडला आणि माझ्यापुढं धरला. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं.

"मंग ही एवढी मानसं अभिनंदन कशाचं म्हणत्यात?"

बोट तळाच्या ओळीवर येऊन थांबलं.

"आन् ह्ये तर तुमचंच नाव हाय ना?"