दोन कामाला, एक चुकायला

मित्रांनो, मी एका खिडकीचा जुना गज आहे, आणि मी एक नवी सांडशीही आहे. दोन्ही खरं आहे. ते कसं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

लोहार तापून लाल झालेलं लोखंड जिने धरतो ती सांडशी म्हणजे मी. तुमच्या घरी गॅसवरचं पातेलं जिने उतरवतात, तिची मी लांब हातांची, काळी, दणकट बहीण. आगीत जाते ती वस्तू आणि तिला धरणारा हात, या दोघांच्या मध्ये मी उभी असते. त्यामुळे माझा स्वभाव थोडा काळजीचा आहे. ज्याचं कामच धरणं असतं, त्याला सुटण्याची भीती असतेच.

माझा पहिला जन्म मोहने गावातला. तिथे एका चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत आम्ही सात गज उभे होतो. अंगावर हिरवा ऑइलपेंट होता. दर्शना नावाची दोन वर्षांची मुलगी आमच्यामध्ये गाल दाबून रस्ता बघायची. तिची आई शकू आत भाजी निवडत असे, आणि दर दोन मिनिटांनी मान वर न करता सांगत असे, "गजाला धर गं. गजाला धर." दर्शना मलाच धरायची, कारण मी मधोमध होते. पुढे ती मोठी झाली, लग्न होऊन कोलशेतला गेली, आणि तिची मुलगी समृद्धी आजीकडे आली की तीही मलाच धरू लागली. शकूआजीचं वाक्यही तेच राहिलं.

मग घराला सरकत्या काचेची खिडकी बसली. माझे सहा भाऊ भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. मला शकूआजीने ठेवून घेतलं. का, तर मोरीचं पाणी तुंबलं की खुपसायला काहीतरी हवं. मित्रांनो, दोन मुलींना सांभाळलेल्या गजाने मोरीच्या कोपऱ्यात दोन वर्षं काढली. रंग बराचसा उडाला, गंज चढला. मला वाटलं, आता आपलं एवढंच.

आणि एका सकाळी दर्शना आली आणि म्हणाली, "आई, तो गज दे."

"मोरी कशाने काढू मग?"

"काठी आणून देते. मला घरचंच लोखंड पाहिजे."

कोलशेतला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत गुणाजीकाकांची भट्टी आहे. छिन्न्या, पहारी, कोयते, विळे असं सगळं तिथे घडतं. दर्शना घरी ब्लाउज शिवायची. एकदा कात्रीला धार लावायला ती तिथे गेली, लोखंड मेणासारखं वाकताना तिने पाहिलं, आणि तिची धार लागलेली कात्री घेऊन परत जायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी कात्री न्यायला आली ती थांबलीच. सहा महिने तिने भट्टीला वारा देणारा ब्लोअर सांभाळला, कानस मारली, हातोडा धरायला शिकली.

भट्टीत दोन ऐरणी होत्या. एक काकांची. दुसरी त्यांचे जोडीदार भगवान यांची. भगवान गुडघे गेल्यामुळे घरी बसले, तेव्हापासून ती ऐरण रिकामी होती. काकांचा पुतण्या आनंद पुढच्या भागात वेल्डिंग करायचा. त्याला त्या जागी कटिंगचं मशीन हवं होतं.

आता त्या भट्टीची रीत ऐका. स्वतःची सांडशी स्वतः घडवल्याशिवाय कुणाला ऐरण मिळत नसे. सांडशीचं लोखंडही विकतचं चालत नसे, घरातलंच लागे. काका म्हणायचे, "विकतच्या लोखंडावर माणूस हात सैल सोडतो. घरचं असलं की जपून ठोकतो." आणि खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, ज्याची सांडशी ऐरणीवर असेल त्याची ती ऐरण. काकांनी त्या वर्षी सांगून टाकलं होतं, खंडेनवमीपर्यंत दुसऱ्या ऐरणीवर सांडशी दिसली नाही तर ती ऐरण उचलायची आणि आनंदचं मशीन बसवायचं.

मी तिथे पोचले तेव्हा चार दिवस उरले होते.

"ऑनलाइन मागव ना दर्शनाताई," आनंद म्हणाला. "उद्या घरपोच येईल. वर रेटिंग पण देता येतं."

"तुझ्या काकाला पण ऑनलाइनच मागवलेलं का रे?" काकांनी भट्टीवरून विचारलं. आनंद गॉगल लावून पुन्हा वेल्डिंगला लागला.

काकांनी मला हातात घेऊन तोललं. मी चार फुटांची होते. त्यांनी खडूने दोन खुणा केल्या आणि माझे सारखे तीन तुकडे केले. सांडशीला दोन पाती लागतात, मग तिसरा कशाला? काका म्हणाले, "दोन कामाला, एक चुकायला."

मित्रांनो, आगीत जाताना मी घाबरले होते. पण पहिला तुकडा तापून लाल झाला, लालाचा केशरी झाला, केशरीचा पिवळा झाला, आणि माझ्यात असं काही सळसळू लागलं की काय सांगू. इतकी वर्षं मी नुसती सरळ उभी होते. वाकता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. दर्शनाचा हातोडा पडला. टोक चपटं झालं, ते माझं तोंड. मग पाव वळण देऊन ऐरणीच्या कडेवर ठोकलं, तिथे गाल झाला, म्हणजे दोन पाती जोडणारा खिळा, रिबिट, बसण्याची जागा. उरलेलं लांब ओढत नेलं, ती दांडी. काकांची जुनी सांडशी नमुन्याला समोर ठेवून दर्शनाने पहिलं पातं हुबेहूब उतरवलं. काकांनी ते उलटसुलट पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या भट्टीत "हं" म्हणजे पहिला नंबर.

दुसऱ्या दिवशी दुसरं पातं झालं. ते तर आणखी सुबक झालं. हात जणू आपोआप चालत होता. संध्याकाळी तिने दोन्ही पाती एकमेकांवर ठेवली.

तोंडाला तोंड लागेना. असं फिरवलं, तसं फिरवलं. गाल जुळवले की तोंडं पाठमोरी, तोंडं जुळवली की दांड्या भलतीकडे.

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पोरी, तू एक डावं केलंस आणि एक उजवं."

"मग? जोडी म्हणजे एक डावं, एक उजवंच ना?" दर्शना म्हणाली. "ब्लाउजच्या दोन बाह्या तशाच कापतात. दोन्ही सारख्या कापल्या तर एक उलटी बसते."

काकांची बायको नंदाकाकी चहाचे ग्लास गोळा करत होती. ती हसून म्हणाली, "घ्या. लोखंडाचा ब्लाउज शिवला पोरीने."

"सांडशीची दोन्ही पाती सारखीच असतात," काका म्हणाले. "एक पालथं घातलं की दुसऱ्यात अडकतं. माझीच चूक. तू शिवणकाम केलेली, हे मला आधी सुचायला हवं होतं." मग ते तिसऱ्या तुकड्याकडे बघून म्हणाले, "चुकायचा तुकडा आता कामाला लागला. उद्या पहिल्या पात्यासारखंच कर. आणि आता चुकायला काही नाही."

सगळे उठले तरी दर्शना बसून राहिली. पहिलं पातं तिने हातात घेतलं. मग दुसरं घेतलं. पुन्हा पहिलं घेतलं.

मित्रांनो, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. दर्शना डावखुरी आहे. हातोडा तिच्या डाव्या हातात असतो, म्हणून सांडशी उजव्या हातात धरावी लागते. भट्टीतल्या सगळ्या सांडशा उजव्या माणसांसाठी घडलेल्या, डाव्या हातात धरायच्या. तिच्या उजव्या हातात त्या वळायच्या, घाव बसताच तुकडा निसटायचा. पावसाळ्यात एकदा लाल छिन्नी निसटून तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडली होती. तिने ते घरी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती बूट घालून येऊ लागली, आणि समृद्धीला भट्टीच्या दारापर्यंतही आणेनाशी झाली.

सकाळी काका येताच ती म्हणाली, "काका, तिसरं पातं मी दुसऱ्यासारखं करणार. पहिल्यासारखं नाही."

"चुकलेल्यासारखं?"

"चुकलंय खरं, पण माझ्या हातात तेच बसतंय. कात्रीचं असंच असतं. उजवी कात्री डाव्या हाताने चालवली की पाती फाकतात, कापड चावलं जातं. दहा वर्षं मी तशीच कापतेय. अंगठ्याला घट्टा पडला, पण हे कळलं नव्हतं."

काकांनी टोपी मागे सरकवली. "चाळीस वर्षांत या भट्टीत डावी सांडशी झाली नाही."

"चाळीस वर्षांत कुणी डावखुरा आलाच नाही?"

काकांनी भट्टीतले निखारे सारखे केले. "आले असतील," ते म्हणाले. "उजवे होऊन गेले."

मग त्यांनी ब्लोअरची कळ दाबली. "तुझं लोखंड, तुझी सांडशी. पण नमुना माझ्याकडे नाही. तुझं चुकलेलं पातंच समोर ठेव."

माझा शेवटचा तुकडा आगीत गेला. आता श्वास रोखून ऐका. लोखंड पिवळं झालं की काढायचं असतं. एखादा क्षण जास्त राहिलं की ते फुलबाजीसारखं तडतडतं, आणि जळालेलं लोखंड पुन्हा कशाच्याही कामाचं राहत नाही. मी केशरीची पिवळी होत होते, आणि दर्शनाचा फोन वाजला. पडद्यावर बालवाडीच्या बाईंचं नाव होतं.

तुमच्या आईला विचारा, असा फोन कामाच्या वेळी वाजला की मनात काय काय येतं. पण दर्शनाने आधी पायाने ब्लोअर बंद केला, मला आगीतून काढून राखेच्या कडेला ठेवलं, आणि मग फोन उचलला. समृद्धीच्या डब्याचं झाकण सापडत नव्हतं.

"दुसऱ्या मुलीच्या डब्याला लागलं असेल, बाई. निळं आहे," दर्शना म्हणाली, आणि फोन ठेवून तिने एक लांब श्वास सोडला.

"आग तशीच सोडून फोन घेणारे चार जण मी हाकलले," काका म्हणाले.

"आणि मी?"

"ठोक. गार होतंय."

तिसरं पातं झालं. दुसरं आणि तिसरं एकमेकांवर ठेवलं, आणि तोंडाला तोंड लागलं. मधून भोक पाडलं, रिबिट लाल करून घातलं, दोन्ही बाजूंनी ठोकलं. मी एक झाले, पण हलेना. दगडासारखी आखडून बसले. आनंद डोकावून म्हणाला, "छान झालाय. पेपरवेट." दर्शनाने मला पुन्हा गाल लाल होईपर्यंत तापवलं, आणि निवेपर्यंत उघडत-मिटत राहिली. उघड, मिट. उघड, मिट. आधी कुरकुर झाली, मग खरखर, आणि मग काहीच आवाज उरला नाही. मित्रांनो, जन्मभर उभी असलेली मी त्या दुपारी पहिल्यांदा उघडले.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. ऐरणी धुतलेल्या, झेंडूचे हार, नंदाकाकीने आणलेला नारळ. पण पूजेच्या आधी परीक्षा होती. दर्शनाने लाल छिन्नी माझ्या तोंडात दिली आणि भगवान यांच्या ऐरणीवर टेकवली. काकांनी दोन्ही हातांनी घण उचलला. दहा घाव. छिन्नी सुटली, तर ऐरण गेली.

पहिला घाव माझ्या दांडीतून तिच्या खांद्यापर्यंत गेला. दुसरा. तिसरा. जुन्या सांडशा इथेच वळायच्या. मी वळले नाही. तिची बोटं माझ्यावर आणि माझं तोंड छिन्नीवर, आणि मला मोहन्याच्या खिडकीतला तो आवाज ऐकू येत होता. गजाला धर गं. गजाला धर. सातवा. आठवा. काकांचा घण मुद्दाम तिरका आला, छिन्नी थरथरली, आणि जागेवरच राहिली. नववा. दहावा.

काकांनी घण टेकवून कपाळ पुसलं. मग ते आनंदला म्हणाले, "मशीन पुढच्या पत्र्याखाली बसव."

"म्हणजे मी उन्हात?"

"गॉगल आहे ना तुला."

काकांनी कुंकवाची वाटी दर्शनापुढे धरली. ती थोडी अडखळली. तिच्या घरी बुद्धवंदना होते, अशी पूजा होत नाही. ती म्हणाली, "काका, मी तेलाचा हात लावला तर चालेल?"

"चालेल काय, तेच पाहिजे तिला," काका म्हणाले. "कुंकू माझ्या समाधानाला. तेल तिच्या तब्येतीला." आणि त्यांनी स्वतः मला उचलून दुसऱ्या ऐरणीवर ठेवलं.

त्या दिवशी भट्टी थंड होती, म्हणून दर्शनाने पहिल्यांदाच समृद्धीला आत आणलं. पहिलं पातं, माझी थोरली बहीण, भिंतीवर खिळ्याला लटकते आहे. दर्शनाचं चामड्याचं एप्रन तिच्यावर अडकवलेलं असतं. काका म्हणतात, उजवा कुणी आला तर तिचंही जुळवू. समृद्धी तिच्याकडे बघून माझ्याकडे आली. माझ्या एका दांडीच्या टोकाला, जिथे आग नीट पोचली नव्हती, तिथे नखाएवढा हिरवा रंग राहिला आहे. तिने तो बरोबर ओळखला.

"मम्मी, ही आजीची खिडकी आहे."

"होती," दर्शना म्हणाली.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. कोलशेतला खाडीचा खारा वारा येतो, एक दिवस तेल चुकलं तरी अंगावर तांबडी भुकटी बसते. म्हणून काम झालं की मला पुसा, जागेवर ठेवा, भट्टीत विसरू नका. आणि तुमच्या घराच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी गंजत पडलं असेल, तर टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. कुणाचं काही चुकलेलं असेल, तर तेही घेऊन बघा. कुणाच्या हाताला ते बसेल, ते आधी कळत नाही.

समृद्धीने मला दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. उचलता आलं नाही, पण दांड्या फाकवता आल्या. तिने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मम्मी," ती म्हणाली, "आता ही उघडते."

आणि दर्शना दुसऱ्या कामाला वळता वळता, मान वर न करता म्हणाली, "हो. नीट धर."